फारसी सूफी कवितेतली लूली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाफिज किंवा रूमी अनुवादातून वाचताना मध्येच एखादी 'जिप्सी' भेटते आणि वाचक अडखळतो. साकी, पतंगा, बुलबुल हे ओळखीचे झालेले असतात, ही कोण? एकत्र वाचन करताना याबाबत जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एका जागी आणले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती लांबायलाच हवी होती.

मूळ फारसीत 'जिप्सी' हा शब्द आहे का?

नाही. मूळ शब्द आहे 'लूली'. जुन्या ग्रंथांत 'लूरी' असाही येतो. गावोगाव फिरून वाजवणारे, गाणारे, नाचणारे, कसरती करणारे लोक म्हणजे लूली. इंग्रजीतला 'जिप्सी' हे लोक इजिप्तहून आले या युरोपीय गैरसमजातून तयार झाला. फारसी जगात तो गैरसमज नव्हता. तिथे लूलींचं मूळ हिंदुस्थानात आहे असंच धरून चालत. म्हणून इथून पुढे मी 'लूली'च म्हणणार आहे. मराठी 'लुळी'शी किंवा हिंदी 'लूला'शी या शब्दाचं काही नातं नाही. हा खुलासा दर वेळी करावा लागतो.

लूरी म्हणजे इराणच्या लोरिस्तानातले लोक ना?

नव्हे. ते लोर वेगळे. 'लूरी' हे नाव सिंधमधल्या अरोर या जुन्या राजधानीवरून पडलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. अरब या शहराला 'अल-रूर' म्हणत. पुढे इराणात 'कौली' हा शब्द जास्त रुळला. त्याची व्युत्पत्ती सहसा 'काबुली'वरून सांगतात. मध्य आशियात मात्र 'लूली' हे नाव आजही आहे.

हे लोक इराणात आले कसे?

फिरदौसीने 'शाहनाम्या'त, म्हणजे इराणी राजांवरच्या महाकाव्यात, त्याची गोष्ट सांगितली आहे. 'शाहनामा' १०१० साली पुरा झाला. गोष्ट आहे त्याच्याही सुमारे सहाशे वर्षं आधीची, इराणच्या सासानी घराण्यातल्या बहराम गूर राजाच्या काळातली (राज्यकाल ४२०–४३८).

बहरामकडे गोरगरिबांचं गाऱ्हाणं येतं. श्रीमंत लोक फुलं माळून, गाणं ऐकत मद्य पितात आणि आम्हाला गाण्यावाचून प्यावं लागतं! राजाला हसू येतं. तो हिंदुस्थानचा राजा शंगुल याला निरोप धाडतो की बर्बत (एक तंतुवाद्य) वाजवण्यात तरबेज असे दहा हजार लूरी, बाया आणि पुरुष, पाठवून द्या. ते येतात. राजा प्रत्येकाला एक बैल आणि एक गाढव देतो आणि सगळ्यांत मिळून हजार गाढवांवरचा गहू वाटतो. त्यांनी शेती करून पोट भरावं आणि गरिबांना फुकट गाणं ऐकवावं, असा त्याचा बेत.

वर्ष सरतं. लूरी परत येतात ते गालफडं बसलेले. बैल खाल्ले, बियाणंही खाल्लं. राजा म्हणतो, गाढवं तर उरलीत ना? मग त्यांच्यावर बिऱ्हाड लादा, वाद्यांना रेशमी तारा चढवा आणि चालू लागा. तेव्हापासून ते जगभर भटकताहेत, असं फिरदौसी सांगतो. कुत्रा-लांडगा त्यांचे सोबती आणि चोरी हा त्यांचा धंदा, हा शिक्काही तो जाता जाता मारतो.

सरकारने कलावंतांना बैलजोडी वाटावी आणि वर्षाने पेरा का नाही म्हणून विचारावं! खेड्यापाड्यांतल्या योजना पाहिलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट फार परकी वाटायची नाही. पण कवितेसाठी यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा : बर्बत, घर नसणं आणि चोरी. पुढच्या चारशे वर्षांतली लूली या तिन्हींतूनच घडली आहे.

ही गोष्ट इतिहास म्हणून खरी मानायची का?

जशीच्या तशी नाही. फिरदौसीच्या आधी दहाव्या शतकात हमझा इस्फहानी याने अरबीत हीच हकिगत लिहिली. त्याच्याकडे वादकांची संख्या बारा हजार आहे आणि लोकांचं नाव 'जुत्त', म्हणजे जाट. आकडा आणि नाव बदलतं, सांगाडा तोच राहतो. लोककथेचं हे लक्षणच आहे.

हिंदुस्थानाशी असलेलं नातं मात्र भाषेनेच सिद्ध होतं. युरोपातल्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नख', मिठाला 'लोन' आणि दिवसाला 'दिवेस' म्हणतात. आपल्या लोणच्यात ते 'लोन' अजून आहे. 'रोम' हे नावच 'डोंब' या शब्दावरून आलं असं भाषाशास्त्र मानतं. म्हणजे आपला डोंबारी शब्दाच्या नात्याने त्यांचा भाऊबंद लागतो. मराठी माणसाला रस वाटेल असा आणखी एक धागा आहे. रोमानीत नपुंसकलिंग नाही. उत्तर हिंदुस्थानी भाषांतून ते इसवी सन १००० च्या आसपास गळत गेलं, मराठी-गुजराती-कोकणीने तेवढं टिकवलं. त्यामुळे रोमांचे पूर्वज पाचव्या शतकात नव्हे, बरेच उशिरा निघाले असावेत, असा तर्क करतात. इराणातले लूली, युरोपातले रोमा आणि अरब देशांतले डोम ही एकाच काफिल्याची तीन नावं मात्र समजू नयेत. ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी गेले असणार.

सूफी कवींना या लोकांत काय दिसलं?

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं 'स्वातंत्र्य'. मला ते पटत नाही.

फारसी कवितेतली लूली मुक्त आहे म्हणून कवी तिच्यावर भाळत नाही. तिच्याकडे गमावण्यासारखी अब्रू नाही म्हणून भाळतो. नवव्या शतकात इराणातल्या निशापूरला 'मलामती' नावाचा पंथ होता. हमदून कस्सार (मृत्यू ८८४) हे त्यातलं मोठं नाव. त्यांचं म्हणणं असं, की माणूस देवापासून दुरावतो तो पापामुळे जितका, त्याहून जास्त पुण्याच्या बोभाट्यामुळे. नमाज पडतो, उपास करतो, आणि लोक बघताहेत ना हेही बघतो. तेव्हा पुण्य लपवा आणि लोकांची निंदा अंगावर घ्या. 'मलामत' म्हणजे निंदाच.

या विचाराला कवितेत पात्रं हवी होती. सनाई, अत्तार या सूफी कवींपासून ती येऊ लागली : कलंदर (भटका फकीर), रिंद (बेफिकीर मद्यपी), गुत्त्यातला म्हातारा, ख्रिस्ती मुलगी. शरिया ज्यांच्याकडे बोट दाखवते ते सगळे. लूली या मांडवात आली ती याच दाराने. तिला गावात घर नाही, जमातीत मान नाही, साक्षीला तिचा शब्द चालत नाही. साधकाला जे मोठ्या कष्टाने फेकायचं असतं, म्हणजे नाव, पत आणि 'लोक काय म्हणतील', ते तिच्याकडे मुळातच नाही.

रूमीकडे लूली कुठे भेटते?

दोन ठिकाणं सांगतो. पहिलं त्याच्या अतिशय गाजलेल्या गझलेत आहे. 'मन मस्त ओ तू दीवाना, मा रा कि बरद खाना', म्हणजे मी झिंगलेला, तू वेडा, आपल्याला घरी कोण नेणार? ही गझल पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. रूमी (१२०७–१२७३) स्वतः बल्खकडचा, वाढला प्रवासात आणि स्थिरावला अनातोलियात कोन्याला. 'घरी कोण नेणार' हे त्याच्या तोंडी नुसतं दारुड्याचं बरळणं राहत नाही.

गझलेतला गाव असा, की शुद्धीवरचा माणूस औषधालाही सापडत नाही. त्यात एक ओळ आहे : तू खराबातला वक्फ आहेस, तुझी आवक मद्य आणि खर्चही मद्य, या वक्फातला एक दाणासुद्धा शुद्धीवरच्यांच्या हाती देऊ नकोस. खराबात म्हणजे गावाबाहेरची पडकी वस्ती, जिथे गुत्ते असत. वक्फ हा मशिदी-मदरशांच्या कारभारातला शब्द. देवस्थानच्या जमाखर्चाची भाषा गुत्त्याला लावण्याचा हा खट्याळपणा आहे. आणि याच्या लगेच पुढच्या शेरात हाक येते :

एइ लूली-ए-बर्बत-झन, तू मस्ततरी या मन
एइ पेश-ए-चु तू मस्ती अफ्सून-ए-मन अफ्साना

अगं बर्बत वाजवणाऱ्या लूली, जास्त झिंगलेलं कोण, तू की मी? तुझ्यासारख्या मस्तापुढे माझी सारी जादू म्हणजे नुसती कहाणी. 'अफ्सून' आणि 'अफ्साना' यांचा खेळ मराठीत उतरत नाही. 'मंत्र' आणि 'मंतरलेली गोष्ट' असं काही करून पाहिलं, जमलं नाही. पण फिरदौसीच्या गोष्टीतला बर्बत हातात घेऊन लूली इथे बरोबर हजर आहे. प्रश्न विचारणारा कोण? हजारो शेर रचलेला, धर्मशास्त्र शिकवलेला मौलाना. तो रस्त्यावरच्या वाजवणारीशी स्वतःला ताडून बघतो आणि हरतो.

पुढे गझलेत एक झिंगलेला समोर येतो, नांगर नसलेल्या गलबतासारखा इकडे कलत, तिकडे कलत. मूळ शब्दच झुलतात : 'कझ मीशुद ओ मझ मीशुद'. कवी विचारतो, कुठला रे तू? तो थट्टेने म्हणतो, अर्धा तुर्कस्तानचा, अर्धा फरगाण्याचा. अर्धा पाणी-मातीचा, अर्धा जीव-काळजाचा. कवी म्हणतो, मला सोबत घे, मी तुझ्या नात्यातलाच. तो म्हणतो, आपला कोण नि परका कोण, मला ओळखू येत नाही. हा माणूस लूली आहे असं कवी कुठेही म्हणत नाही. पण गाव विचारल्यावर धड उत्तर न देणारा आणि नात्यागोत्याची खूण नसलेला हा इसम लूलीच्या हाकेमागोमाग यावा, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

आणि दुसरं ठिकाण?

'ऐ लूलियाँ, ऐ लूलियाँ, यक लूलीए दीवाना शुद' अशी सुरुवात असलेली गझल. लूलींनो, तुमच्यातला एक वेडा झाला. त्याचं तश्त आमच्या छपरावरून पडलं, आणि तो बघा निघाला वेड्यांच्या घराकडे! तश्त म्हणजे धातूचं घंगाळ. 'छपरावरून तश्त पडणं' हा फारसी वाक्प्रचार आहे. आपण 'बिंग फुटलं' म्हणतो तसा. पण आपल्या बिंगाला आवाज नाही, तश्ताला आहे. ते खणखणत खाली येतं आणि सगळी आळी खिडकीशी धावते. मलामतीला हवी असते ती हीच फजिती. गंमत पाहा, लूली आधीच बेअब्रू, तोही वेडा झाला तर आता गमावणार काय?

हाफिजच्या 'शिराझी तुर्का'च्या गझलेतही लूली आहेत ना?

आहेत, तिसऱ्या शेरात. शिराझी तुर्काच्या, म्हणजे प्रिय व्यक्तीच्या, तिळावर समरकंद-बुखारा ओवाळून टाकणारा पहिला शेर सगळ्यांना पाठ असतो, तिसऱ्याकडे दुर्लक्ष होतं :

फुगाँ कीं लूलियान-ए-शोख-ए-शीरींकार-ए-शहर-आशोब
चुनाँ बुर्दंद सब्र अझ दिल कि तुर्काँ ख्वान-ए-यग्मा रा

हाय, या अवखळ, गोड करणीच्या, शहर ढवळून काढणाऱ्या लूलींनी मनाचा धीर असा लुटला, जसे तुर्क लुटीचं ताट लुटतात. 'ख्वान-ए-यग्मा' ही खरी प्रथा होती. मेजवानी झाली की शिपायांनी भांड्यांसकट पंगत लुटायची, यजमानाच्या परवानगीने. म्हणजे ही लूट बिनबोभाट चोरी नव्हे. ज्याचं लुटलं जातं त्यानेच ताट मांडलेलं असतं. साधकाचा धीर लुटला जातो तो असाच, आमंत्रण देऊन. फिरदौसीने लूरींवर मारलेला चोरीचा शिक्का हाफिजने कुठे नेऊन लावला, ते बघा.

'शीरींकार' हा शब्दही दुहेरी आहे. गोड वागणारे, आणि खेळ-कसरती करून रिझवणारे.

दुसऱ्या एका गझलेची सुरुवातच 'लूली-वशी'ने होते, म्हणजे लूलीसारख्या कुणीतरी : खोटे वायदे करणारी, घायाळ करणाऱ्या ढंगाची, रंगात रंग मिसळणारी. त्याच गझलेत पुढे सुंदर मुखड्यांच्या फाटक्या सदऱ्यावरून पुण्याईची हजार वस्त्रं ओवाळून टाकली आहेत. आणि मग येतं की प्रेम म्हणजे काय ते देवदूताला ठाऊक नाही, साकी, पेला माग आणि आदमच्या मातीवर शिंपड. खोटारड्या लूलीपासून देवदूतांच्या उणिवेपर्यंत कवी मोजक्या शेरांत जातो. हाफिजला मी मोठा मानतो तो या उड्यांसाठी.

तिसऱ्या एका गझलेत तो शिराझचं कौतुक करता करता वाऱ्याला विचारतो, त्या 'लूली-ए-शंगुल-ए-सरमस्त'ची काय खबर? शंगुल म्हणजे खुशालचेंडू, मजेत असलेली. फिरदौसीच्या गोष्टीतल्या हिंदुस्थानी राजाचं नावही शंगुल. हाफिजने हे मुद्दाम केलं असेल असा माझा आग्रह नाही, पण 'शाहनामा' कानात असलेल्या श्रोत्याला ते ऐकू गेलंच असणार.

मग लूली म्हणजे नेमकं कोण : देव, गुरू की आत्मा?

तक्ता मागणारा हा प्रश्न. सूफींनी असे तक्ते केलेही. शबिस्तरी या सूफी कवीचा 'गुलशन-ए-राझ' (१३१७) हा ग्रंथच मुळी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं आहे, म्हणजे या पानाचा थोर पूर्वज म्हणायला हरकत नाही. डोळा, ओठ, बट, तीळ, मद्य, मेणबत्ती, गुत्ता, मूर्ती, जानवं, ख्रिस्ती धर्म या प्रत्येकाचा अर्थ तिथे आहे. त्या यादीत लूली नाही.

हे बरंच झालं. ठरलेला अर्थ चिकटला नाही म्हणून ती जिवंत राहिली. रूमीच्या एका गझलेत ती साधकाच्या पुढे गेलेली कुणी आहे, दुसऱ्यात साधकच लूली आहे. हाफिजकडे ती बहुतेकदा प्रिय व्यक्ती आहे. ही व्यक्ती म्हणजे देव की शिराझच्या बाजारातली नाचणारी, यावर भाष्यकार शतकानुशतकं भांडले. सोळाव्या शतकातला बोस्नियाचा भाष्यकार सूदी शब्द-व्याकरण धरून सरळ अर्थ लावतो. लाहोरच्या खत्मीसारखे भाष्यकार प्रत्येक पेल्यात परमेश्वर पाहतात. मी सूदीपासून सुरुवात करावी म्हणतो. आधी बाजारातली लूली डोळ्यांपुढे आली पाहिजे. नाहीतर नुसतं अध्यात्म उरतं आणि बर्बत ऐकूच येत नाही.

लूली तो की ती?

फारसीला लिंग नाही. 'ऊ' म्हणजे तो, ती, ते, सगळंच. लूली बाई असू शकते, पुरुष असू शकतो, आणि हाफिजच्या काळातल्या गझलेत कोवळा तरुणही. मराठी अनुवादकाची इथे पंचाईत होते, कारण आपल्याला तीनही लिंगं आहेत आणि क्रियापद लगेच चहाडी करतं.

एक पळवाट मात्र मराठीतच आहे. भूतकाळात 'ने' लागला की क्रियापद कर्माच्या मागे जातं. 'त्या लूलींनी मनाचा धीर लुटला' या वाक्यात लुटला तो धीर. लूली बाया की बाप्ये, ते कळत नाही. वरचा शेर मी मुद्दाम असा उतरवला. रूमीच्या शेरात मात्र 'अगं' म्हणून बसलो. तिथे तुम्ही 'अरे' म्हटलंत तर तेही चूक नाही.

पाडगावकरांचा 'जिप्सी' आणि ही लूली एकच का?

मराठीत 'जिप्सी' म्हटलं की मंगेश पाडगावकर आठवणारच. पण तो जिप्सी युरोपीय रोमँटिक वळणाचा आहे, चाकोरीत न मावणारं भटकं मन. लूली मनात दडून बसत नाही. ती बाहेरून येते आणि घर लुटते.

एकनाथांच्या भारुडांशी तुलना करता येईल?

येईल, आणि तीच जास्त जवळची आहे. नाथांनी (सोळावं शतक) गारुडी, जोशी, महार, कोल्हाटीण अशा गावकुसावरच्या माणसांच्या तोंडून परमार्थ सांगितला. फरक असा की भारुडात ते पात्र स्वतः बोलतं. 'जोहार मायबाप' म्हणणारा उंबऱ्याशी उभा राहून थेट ऐकवतो. फारसी गझलेत लूली जवळजवळ कधीच बोलत नाही. तिला हाक मारतात, तिच्याबद्दल तक्रार करतात, वाऱ्याकडे तिची चौकशी करतात.

मग खऱ्या लूलींचं काय? कवितेत त्यांचं म्हणणं कुठेच नाही?

गझलेत नाही. पण गद्यात एक झकास तुकडा आहे. हाफिजचा समकालीन उबैद झाकानी हा शिराझमधला टवाळखोर लेखक. त्याच्या विनोदी चुटक्यांत एक लूली आपल्या मुलाला झापतो. त्याचा मथितार्थ असा : नुसता बसून दिवस घालवतोस. किती वेळा सांगितलं, कोलांट्या मारायला शीक, कुत्र्याला कड्यातून उडी मारायला शिकव, दोरीवर चालायला शीक, म्हणजे आयुष्याचं काही भलं होईल. ऐकलं नाहीस तर, देवाशपथ, तुला मदरशात टाकीन. तिथलं ते मेलेलं शास्त्र शिकशील, विद्वान होशील आणि जन्मभर दारिद्र्यात, अपमानात कुजशील. जवाचा एक दाणा कुठून मिळायचा नाही!

टोला अर्थातच मदरशावर आहे. तरी धंदा शिकवणारा बाप, पोराच्या पोटाची काळजी, घरातली कटकट हे सगळं त्यात आहे. सूफी गझलेतल्या एकाही लूलीला पोटाची चिंता नाही. प्रतीक झालं की पोट जातं.

आधुनिक फारसी कवितेत ती उरली आहे?

इराणी कवयित्री सीमीन बहबहानी (१९२७–२०१४) यांनी 'कौलीवारे' नावाची कवितामालाच लिहिली. ती १९८३ च्या 'दश्त-ए-अर्झन' या संग्रहात आहे. इथे कौली बाई आहे, यात संदिग्धता नाही. कवयित्री तिला हाक मारते, गा म्हणते. क्रांतीनंतरच्या इराणात बाईचं जाहीर गाणंच बंद झालं होतं, तेव्हा ही हाक साधी राहत नाही. सूफी अर्थ मागे पडलेला दिसतो. पण गझलेचा घाट आणि हाकेची लकब जुनीच आहे.

लिहिताना कोणता शब्द वापरावा?

कवितेबद्दल लिहीत असाल तर लूली. अनुवादात 'जिप्सी' घातलं तर चाकांची रंगीत गाडी आणि कानात बाळ्या असलं युरोपीय चित्र आपोआप उभं राहतं. 'कोल्हाटीण' किंवा 'डोंबारी' जवळचे वाटतात, पण ती इथल्या जमातींची नावं आहेत, उसनी देऊ नयेत. माणसांबद्दल लिहीत असाल तर ते स्वतःला जे म्हणवतात ते, म्हणजे रोमा, डोम वगैरे. 'कौली' शब्द जपून वापरा. इराणात भांडखोर, आरडाओरडा करणाऱ्या बाईला आजही 'कौली' म्हणून हिणवतात. उर्दूतही 'लूली'चा अर्थ घसरत घसरत नाचणारीण आणि मग वेश्या असा झाला, त्यामुळे उर्दू शब्दकोश उघडून रूमीचा शेर लावायला बसलात तर फसाल.